मन लागायची वाट बघू नकोस

मार्च २०२२

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "सर, बाकीचे सगळे निभावून नेताहेत, मीच कच्चा निघालो," या वाक्याशी दोन्ही वेळा अडलो. तसं मनात आणू नकोस म्हटल्याने ते जाणार नाही, म्हणून आधी एक आकडा सांगतो. कोविडच्या साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने याच महिन्यात सांगितलं आहे. सगळ्यात जास्त झळ तरुणांना आणि बायकांना बसली. इतकी माणसं एकाच वर्षी कच्ची कशी निघतील? ओझंच वाढलं होतं रे.

तू मला खंबीर समजतोस, म्हणून २०२०मधली माझी एक रात्र सांगतो. घरातल्याच एका खोलीत मी वेगळा राहत होतो. ताप उतरलेला. रात्री दोनला जाग आली आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला लावला. ९६. बरं वाटलं, पण मिनिटभरच. परत लावला, ९४. मग दुसरं बोट, मग दुसरा हात. ९१ दिसलं तेव्हा पोटात गोळाच आला. उजाडेपर्यंत माझं तेच चाललं होतं. सकाळी डॉक्टरांनी फोनवर धाप लागते का ते विचारलं आणि लगेच म्हणाले, "हात गार आहेत का?" गारठलेच होते. घाबरलं की बोटांकडे रक्त कमी जातं, बोटं गार पडली की त्या यंत्राला नीट वाचता येत नाही, आकडा खाली दिसतो आणि तो बघून माणूस आणखी घाबरतो. हात चोळून, जरा स्वस्थ बसून लावला तेव्हा ९७ आला. (आकडा खरोखरच खाली राहिला तर मात्र एक क्षणही घरी थांबायचं नाही.)

चिंतेचं हे असं असतं. खात्री करून घ्यायला म्हणून आपण जे वारंवार करतो, त्यावरच ती पोसते. तू रात्री अंथरुणात पडून तीन-तीन तास बातम्या बघतोस, तो तुझा ऑक्सिमीटर आहे. २०१३मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या वेळी स्फोट झाले, त्यानंतरच्या एका अभ्यासात दिसलं की त्या आठवड्यात रोज सहा किंवा जास्त तास त्याच्या बातम्यांत घालवणाऱ्यांना, प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण जाणवला होता. बातम्या दिवसातून एकदाच बघ, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं. फोन रात्री दुसऱ्या खोलीत.

आता मुख्य गोष्ट. "मन लागलं की सगळं सुरू करीन," असं तू लिहिलंस. बाळा, हा क्रम उलटा आहे. उदास वाटतं म्हणून माणूस एकेक गोष्ट सोडतो. सोडलं की बरं वाटायला काही कारणच उरत नाही आणि उदासी आणखी दाटते. पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात नैराश्याकडे असं पाहिलं, आणि पुढे त्यातूनच उपचाराची एक पद्धत उभी राहिली: आधी कृती, मन मागाहून येतं. कृती इतकी लहान असावी की वाईटातल्या वाईट दिवशीही जमेल. मी तुला एकच देतो, उठायची वेळ. झोप ठरवून लागत नाही, उठणं मात्र ठरवता येतं. रात्र कशीही गेली तरी त्याच वेळी ऊठ आणि खिडकीशी उजेडात जाऊन बस. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडानेच लागतं. रात्री वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणातून उठून दुसरीकडे बस आणि पेंग आली की परत ये. अंथरूण ही जागं राहून काळजी करायची जागा होता कामा नये. लोक या काळात काय काय नवीन शिकले ते वाचून स्वतःला कोसू नकोस.

एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तुला स्वतःला संसर्ग होऊन गेला आहे. त्यानंतर कित्येकांना महिनोन् महिने थकवा राहतो, डोकं चालत नाही. जरा काम केलं की दुसऱ्या दिवशी पार गळून जात असशील, तर जोर लावू नकोस. डॉक्टरांना दाखव आणि झेपेल तेवढंच कर. तो आळस नव्हे.

आजोबांबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, "शेवटचं बघता आलं नाही." बाकीचं सगळं पत्र त्या ओळीभोवती फिरतंय असं मला वाटलं. निरोप न घेता गेलेलं माणूस मनातून हलत नाही. गेलं हे कळतं, पण पटत नाही. त्यांना पत्र लिही. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं सलणारं लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या जड वाटायचं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. रडू आलं तर येऊ दे. फारच असह्य झालं तर वही मिट आणि मला फोन लाव.

आणि हे नीट वाच. दोन आठवडे रोज, दिवसाचा बराच वेळ मन खचलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, जेवणझोप बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. जगणं नको असा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी, मध्यरात्र असली तरी, घरातल्या कुणाला तरी उठवून सांगायचं. माझा फोन रात्री उशाशीच असतो.

मला लांब उत्तर नको. सकाळी किती वाजता उठलास, तेवढं रोज कळव.

तुझा,
सर