वल्हं मांडीवर ठेव

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला फोटो कालपासून तीन-चारदा पाहिला. पुढे तुझ्या कयाकची, त्या अरुंद वल्ह्याच्या होडीची, लाल नाळ म्हणजे पुढचं टोक, आणि वर अडयांचा, त्या शीळ घालणाऱ्या लहान बदकांचा, अख्खा थवा उठलेला. उजेड छान आलाय. पण फोटो कसा वाटला असं तू मनापासून विचारलंस म्हणून स्पष्टच सांगतो, त्या अडया तुझ्यामुळे उठल्या. अडई रात्री भातखाचरांत आणि तळ्याच्या कडेने चरते, दिवसा पाण्यावर विसावते. म्हणजे सकाळी नऊ वाजता तू त्यांची झोपमोड केलीस. थवा शीळ घालत दोन घिरट्या मारून पलीकडच्या काठाला उतरला, आणि मग तूही पलीकडे गेलास, असं लिहिलंयस. ते वाचून वाईट वाटलं.

रागावलो नाही. मीही हे केलंय, आणि याहून वाईट केलंय.

बऱ्याच वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, एका लहान तळ्यात मला टिबुकलीचं, त्या बुड्या मारणाऱ्या चिमुकल्या पाणपक्ष्याचं, घरटं दिसलं. घरटं कसलं, पाणवनस्पतींचा कुजकट, ओला गोळा, देठांना अडकून तरंगणारा. टिबुकली घरटं सोडताना चोचीने आजूबाजूचं शेवाळ ओढून अंडी झाकते, मगच पाण्यात शिरते. अंडी घातली तेव्हा पांढरी असतात, त्या ओल्या पाल्याखाली राहून राहून ती तपकिरी होतात. मला ते झाकणं जवळून बघायचं होतं. मी फार वेगाने गेलो. तिला झाकायला वेळच मिळाला नाही, ती तशीच बुडी मारून गेली आणि चार अंडी उघडी पडली. मी मागे फिरलो, पण काठावरच्या आंब्यावर बसलेल्या कावळ्याने ते आधीच पाहिलं होतं. दोन अंडी त्याने माझ्यादेखत नेली.

तेव्हापासून मी वल्हवण्यापेक्षा थांबण्याचा सराव जास्त करतो. तूही तोच कर.

आधी वल्ह्याचा आवाज कमी कर. पातं पायांच्या जवळ पाण्यात घाल, कमरेपाशी आलं की बाहेर काढ, आणि ताकद दंडातून नको, कमरेच्या पिळातून येऊ दे. पातं आपटू नको. सुरी लोण्यात जाते तसं ते पाण्यात शिरलं पाहिजे. मग पक्षी दिसला की वल्हं मांडीवर आडवं ठेव आणि हात सोड. कयाक आपल्या वेगाने पुढे जात राहील, त्या वेळात तुझ्या अंगाची काहीच हालचाल नसते. पक्ष्याकडे नाळ रोखून सरळ जाऊ नको, तिरपा जा, जणू त्याच्या बाजूने निघून जाणार आहेस. वारा पाठीशी असेल तर तोच तुला नेतो. मात्र थांबायचं कुठे ते आधी ठरवून ठेव, कारण ऐन वेळी मागे वल्हवायला लागलास तर सगळी शांतता मोडते.

किती जवळ जायचं, हे पक्षी सांगतो. वंचक, तो मातकट रंगाचा लहान बगळा, मान ताठ करतो. अडया एकेक करून तोंडं तुझ्याकडे फिरवतात, मग दाटीने एकत्र येतात. खाणं थांबलं, मान वर झाली, की तू एक पाऊल जास्त गेलास असं समज आणि मागे सर. पाणकावळा पंख पसरून बसला असेल तर त्याच्या वाटेला जाऊच नको. त्याची पिसं भिजतात, ती सुकवतोय तो, आणि तुझ्यामुळे उठला तर ओल्या पंखांनीच उडणार.

हे जमलं की काय दिसतं ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात कमळाच्या पानांपासून वीसेक हात लांब मी निपचित बसलो होतो. एक कमळपक्षी पानांवरून चालत होता. दुर्बिणीतून पाहिलं तर त्याच्या पंखांखालून लांब बोटांचे किती तरी जास्तीचे पाय लोंबत होते. पिल्लं होती ती, बगलेत धरलेली. आणि तो बाप होता. कमळपक्ष्यांत अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं नराकडे असतं. मी हललो असतो तर तो पानांआड गेला असता, आणि मला नुसता एक तपकिरी पक्षी पळताना दिसला असता.

जानेवारीत तू येशील तेव्हा धामापूरला जाऊ. मालवण तालुक्यातला हा तलाव १५३० साली नागेश देसाई यांनी बांधला असं सांगतात. दोन डोंगरांमधल्या घळीला मातीचा बांध घातला, आणि आज जवळपास पाचशे वर्षांनंतरही खालची भातशेती आणि माड-पोफळी त्याच पाण्यावर आहे. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान दिला. माणसाने शेतीसाठी अडवलेलं पाणी, पण काठचं रान इतकं दाट की तिथे धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकायला मिळू शकतो. कयाक आत घालण्याआधी गावात विचारायचं. पाणी त्यांचं आहे.

काठच्या खडकावर खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली काळपट विष्ठा दिसली, तर तिथे उतरू नको. पाणमांजरांची ती जागा असते. पाणमांजराला आमच्याकडे हूद म्हणतात.

बाकीचं थोडक्यात. लाइफ जॅकेट घातलेलं आणि बंद केलेलं हवं, पोहता येत असलं तरी. एकटा जाऊ नको. उलटलास तर कयाक सोडू नको, ती तरंगते, तिला धरून राहा. पावसाळ्यात सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडतं त्या जागेच्या, आसपासही नको. नव्या पाण्यात मगर आहे का, हे आधी तिथल्या मच्छीमाराला विचार. आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कयाक धुऊन, पुसून, वाळवून घे. जलपर्णीचा तळाला चिकटलेला एक तुकडा नवं तळं झाकून टाकायला पुरतो. मी हे अगदी कळकळीने सांगतोय, याचा कंटाळा करू नको.

धामापूरला तलावाकाठच्या भगवती मंदिराच्या पायऱ्यांवर सकाळी साडेसहाला भेटू. सकाळी पाणी स्थिर असतं, दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की लाटा उठतात. तुझ्या त्या पांढऱ्या टोपीऐवजी मळखाऊ रंगाची आण. कॅमेरा आणलास तरी पहिल्या दिवशी पिशवीतच राहू दे.

तुझा,
काका