टॅरिफने नोकऱ्या परत येतात का? शिरोलीच्या जॉबवर्कवाल्या भावाला उत्तर

तुमची पोस्ट वाचली. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणं) आणि मशिनिंगचं जॉबवर्क, अमेरिकेने टॅरिफ म्हणजे आयातीवरचा कर वाढवला आणि तिकडे जाणाऱ्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) काम निम्म्यावर आलं, पोरं घरी बसवावी लागली. याच फेऱ्यातून आम्हीही गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचे प्रश्न दोन: या टॅरिफने अमेरिकेतल्या नोकऱ्या खरंच परत येतात का, आणि आपल्या सरकारने चिनी मालावर असाच कर लावला तर आपली पोरं कामावर येतील का. मी सीए नाही, कस्टम्सचा वकीलही नाही. आकडे 2025 चे धरलेत. दर सारखे बदलतात, त्यामुळे कोटेशन द्यायच्या दिवशीचा दर बघूनच पुढं जा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: थोड्या येतात, फार महाग पडतात, आणि दुसऱ्या टोकाला त्याहून जास्त जातात. 2018 मध्ये अमेरिकेने वॉशिंग मशीनवर कर लावला. एलजी आणि सॅमसंगचे कारखाने तिथं आले खरे, पण ते ठरलं होतं कर लागण्याआधीच, 2017 मध्ये. अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा साधारण 1,800 नोकऱ्या निघाल्या आणि एका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला सुमारे 8 लाख 15 हजार डॉलर गेलेले दिसले. ड्रायरवर कर नव्हताच, तरी तोही महागला, कारण दोन्ही वस्तू जोडीनं विकल्या जातात. त्याच वर्षी पोलादावर 25 टक्के लागले. 2019 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी त्या वर्षीच्या सगळ्या करांचा एकत्रित परिणाम तपासला. कारखान्यांतला रोजगार एकूण घटलाच होता, कारण कच्चा माल महागला आणि समोरच्या देशांनी उलट कर लावले. पोलाद वितळवणाऱ्या एका माणसामागे पोलाद कापणारे, वाकवणारे, ड्रिल मारणारे कितीतरी असतात, त्यांचं कोण बघणार?

आणि एक. 1979 मध्ये अमेरिकेच्या कारखान्यांत 1 कोटी 95 लाखांच्या आसपास माणसं होती, 2010 पर्यंत ती 1 कोटी 15 लाखांवर आली. चीनमुळे गेल्या त्या नोकऱ्या गेल्याच, पण मशीननं खाल्लेल्याही कमी नाहीत. उद्या तिथं नवी फाउंड्री (धातू ओतायचा कारखाना) उभी राहिली तर ती हँड मोल्डिंगची (हातानं साचे करायची) नसेल, मशीननं साचे करणारी हाय प्रेशर लाइन असेल आणि फेटलिंगला रोबो असेल. तुमच्या पोरांच्या हातचं काम तिथल्या पोरांच्या हातात जाणार नाही.

आता फाउंड्रीवाल्यांनीही नीट समजून घ्यावं असं. कास्टिंगचं काम एका जागेवरून हलवणं म्हणजे नुसती पीओ (खरेदीची ऑर्डर) दुसऱ्याच्या नावावर काढणं नव्हे. तुमच्या फाउंड्रीचा मोल्ड बॉक्स एका मापाचा, दुसऱ्याचा वेगळा. त्यामुळे पॅटर्न प्लेट (साचा उमटवायचा नमुना) नवी, रनर-रायझरची (साच्यात धातू जायच्या वाटांची) मांडणी नवी, कोअर बॉक्सही (आतल्या पोकळीसाठीचा साचा) बऱ्याचदा नवा. त्यात दोन-अडीच महिने जातात. मग सँपल, मोजमाप, ब्लो होल (हवेची छिद्रं) आणि श्रिंकेजची (धातू आकसल्यानं पडणाऱ्या खळग्यांची) भांडणं, पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं), ट्रायल लॉट. धरून चाला सहा ते नऊ महिने. म्हणून टॅरिफ लागलं की ऑर्डर दुसऱ्या दिवशी जात नाही. पण हेच उलटंही लागू आहे: ग्राहकानं मेक्सिकोत किंवा व्हिएतनाममध्ये पॅटर्नचे पैसे एकदा मोजले की टॅरिफ उठल्यावर तो परत येत नाही. ‘कर उतरला की काम येईल’ म्हणून थांबलेले लोक इथंच फसतात.

दुसरा प्रश्न, आपणही कर लावावा का. माझं मत: कोल्हापूरला त्यात नुकसान जास्त. आपण पिग आयर्न (भट्टीत वितळवायचं कच्चं लोखंड) आणि स्क्रॅप विकत घेणारे लोक, विकणारे नाही. जानेवारी 2025 पासून लो अॅश मेट कोकच्या (भट्टीसाठीच्या कमी राखेच्या कोळशाच्या) आयातीवर मर्यादा आली. कोक करणाऱ्यांचं भलं झालं असेल, पण कोक महाग म्हणजे पिग आयर्न महाग, म्हणजे आपला किलोचा दर वर. याउलट मे 2022 मध्ये सरकारनं पिग आयर्नच्या निर्यातीवर 15 टक्के कर लावला, तेव्हा फाउंड्रीवाल्यांच्या ते पथ्यावर पडलं. नोव्हेंबरात तो उठला. एकच सरकार, एकच धातू, पण कर कुठल्या टप्प्यावर बसतो त्यावर कुणाची पोरं कामावर राहतील हे ठरतं. चिनी तयार पंप, व्हॉल्व्ह यांवर कर असावा की नाही यावर वाद होऊ शकतो, मी त्यात ठाम नाही. कच्च्या मालावरच्या कराबद्दल मात्र ठाम आहे.

आता सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. अमेरिकेत किती टक्के लागणार हे ठरतं मालाच्या कस्टम्स कोडवरून. 27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावर 50 टक्के लागले, हे सगळ्यांनी ऐकलं. पण मोटारीच्या आणि हलक्या ट्रकच्या पार्ट्सवर 3 मेपासून वेगळे 25 टक्के होते आणि त्यावर हे 50 चढत नव्हते. म्हणजे एकाच भट्टीतून, एकाच ग्रेडचे दोन कास्टिंग, तेव्हा एकाला 25, दुसऱ्याला 50. निर्यातदारांना मदत करायलाच उघडलेलं एक कार्यालय आहे, नाव घेत नाही. तिथं विचारलं की ते आपल्याकडचा आठ अंकी कोड बघून उत्तर देतात. पण दोन्ही देशांत सारखे असतात फक्त पहिले सहा अंक. पुढचे अमेरिकेचे स्वतःचे, दहा अंकांपर्यंत, आणि कर ठरतो त्यांवर. ‘साहेब, त्यांचा दहा अंकी कोड सांगा’ म्हटलं की ‘बायरला विचारा’. बायर (अमेरिकेतला ग्राहक) म्हणतो ‘आमचा ब्रोकर (तिथलं कस्टम्सचं काम बघणारा) बघेल’. ब्रोकर वाद नको म्हणून जास्त कराचा कोड टाकून मोकळा होतो. आमचा पैसा इथंच गेला, आणि मदतीची पाटी लावून असं उत्तर देणाऱ्यांचा आजही राग येतो.

त्यापेक्षा हे करा. ड्रॉइंग, पार्ट कुठल्या असेंब्लीत बसतो आणि मशिनिंग किती झालंय, हे एका पानावर लिहा. नुसतं रफ कास्टिंग आणि पूर्ण मशिन केलेला, ओळखू येणारा पार्ट यांचे कोड वेगळे पडू शकतात. इंजिनचे पार्ट 8409, गाडीचे 8708, पंपाचे 8413 खाली. अमेरिकन कस्टम्सनं आधी दिलेले रुलिंग (कुठला माल कुठल्या कोडखाली याचे निर्णय) इंटरनेटवर फुकट शोधता येतात, तुमच्यासारखा पार्ट तिथं बहुतेक सापडतोच. तो नंबर बायरला पाठवा आणि त्याच्याकडून लेखी रुलिंगचा अर्ज करायला लावा. त्याला फी नाही. खोटा कोड मात्र चुकूनही सुचवू नका, दंड फार मोठा आहे.

सूट मागितली तर बेस रेट कापू नका. समजा पार्ट 20 डॉलर एफओबी (जहाजावर चढवेपर्यंतचा भाव), 50 टक्क्यांनी 10 डॉलर कर. बायर म्हणतो 3 तुम्ही सोसा. रेट 17 करून दिलात तर कर उतरल्यावरही तो 17 च राहतो, आणि कच्च्या मालाच्या दरवाढीचा फॉर्म्युलाही 17 वरूनच धरला जातो. इनव्हॉइसवर 20 ठेवा, खाली वेगळ्या ओळीत ‘टॅरिफ सपोर्ट’ उणे 3, मुदत तीन महिने, कर कमी झाला की आपोआप रद्द, असं पीओ अमेंडमेंटमध्ये लेखी घ्या. हे माल निघण्याआधीच. पोहोचल्यावर क्रेडिट नोट दिली तर तिथलं कस्टम्स ती धरत नाही, कर 20 वरच बसतो. आणि डीडीपी (तिथला कर विकणाऱ्यानंच भरायच्या) अटीवर सही करू नका. उद्या दर वाढला तर सगळा बोजा तुमच्यावर.

तुम्ही जॉबवर्कवाले, थेट निर्यात करत नाही, तरी हे ज्या फाउंड्रीचं काम करता तिला दाखवा. तिनं बेस रेट कापला की पुढच्या महिन्यात तुमचा फेटलिंगचा किलोचा दर कापला जातो.

जाता जाता: व्हीएमसी (मशिनिंगचं कॉम्प्युटरवर चालणारं यंत्र) ईपीसीजीवर (निर्यातीच्या बोलीवर ड्युटी वाचवणारी सरकारी योजना) आणली असेल तर वाचवलेल्या ड्युटीच्या सहापट निर्यात सहा वर्षांत दाखवावी लागते, त्यातली निम्मी पहिल्या चार वर्षांत. अमेरिकेचं काम कमी झालं म्हणून ती माफ होत नाही. फाउंड्रीमार्फत जाणारा माल थर्ड पार्टी निर्यात म्हणून धरता येतो, पण शिपिंग बिलावर दोघांची नावं आणि तुमचा लायसन्स नंबर हवा. तो नंतर घालून घेणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून पुढच्या कन्साइनमेंटपासूनच फाउंड्रीच्या सीएचएला (कस्टम्स एजंटला) लेखी कळवून ठेवा.