मुंबईत ज्यू वारसा पायी फिरून बघायचाय, सुरुवात कुठून करू?

काळा घोड्याच्या निळ्या सिनेगॉगपासून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळापासून, करू नका, एवढंच आधी सांगतो. ते सुंदर आहे, वाद नाही, पण ते 1884 चं, ससून घराण्याने बांधलेलं, म्हणजे बगदादहून आलेल्या श्रीमंत व्यापाऱ्यांचं. आपले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, त्यांची मुंबई बघायची तर सरळ मशीद बंदर स्टेशनला उतरा आणि पश्चिमेला बाहेर पडा.

तिथे सॅम्युअल स्ट्रीट विचारा. सगळा होलसेल बाजार, हातगाड्या, डोक्यावर पोती घेतलेले हमाल, त्यामुळे वर बघत चालू नका, मी चाललो आणि एका हातगाडीचा दांडा कमरेत बसला. या सॅम्युअलचं पूर्ण नाव सॅम्युअल इझिकेल दिवेकर, गावाकडच्या ढंगात सामाजी हसाजी दिवेकर. इंग्रजांच्या फौजेत होता, टिपूच्या कैदेत सापडला, सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन असा नवस बोलला अशी कथा सांगतात, आणि 1796 मध्ये त्याने खरंच मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, म्हणून ही 'जुनी मशीद', आणि स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण सांगतात. रोज लोकलमधून 'मशीद' ऐकणाऱ्या किती जणांना हे माहितीय!

बाहेरून बघून हिरमुसू नका, दुकानांच्या गर्दीत पटकन दिसतही नाही. आत गेलात की मधोमध प्रार्थना म्हणायचा लाकडी कठडेवाला चौथरा, वर बायकांसाठी गॅलरी, आणि एलियाहू हन्नावी म्हणजे एलिया संदेष्ट्यासाठी कायम रिकामी ठेवलेली खुर्ची, सुंता करताना ती मानाची. याच एलियाहूच्या नावाने हे लोक मलिदा करतात, पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. आपल्या कोकणातल्या घरचाच पदार्थ वाटतो की नाही? वाटणारच, कारण हे लोक मूळचे रायगडकडचे, अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा, तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. आडनावं बघा, दिवेकर, पेणकर, किहीमकर, सगळी गावावरून.

तिथून डोंगरीच्या दिशेने चालत गेलात की टणटणपुरा स्ट्रीटवर शारे रासोन, 'नवी मशीद'. नवी म्हणजे 1840 च्या दशकातली हं. आसपासच्या भागाला इस्राएल मोहल्ला म्हणायचे. आता ज्यू घरं जवळपास उरली नाहीत, 1948 नंतर बहुतेक इस्राएलला गेले.

पाय अजून चालत असतील तर भायखळ्याला मागेन डेव्हिड, डेव्हिड ससूनने 1864 मध्ये बांधलेलं, घड्याळाच्या मनोऱ्यामुळे लांबून चर्चच वाटतं. पण उन्हाळ्यात चालत जाऊ नका, टॅक्सी करा.

शनिवारी आणि ज्यू सणांना जाऊ नका, पहिल्यांदा मी शनिवारीच गेलो आणि दारातून परत आलो, चूक माझीच. आधार कार्ड किंवा कुठलंतरी ओळखपत्र ठेवा, 26/11 नंतर अशा ठिकाणी सिक्युरिटी कडक आहे. पुरुषांनी टोपी किंवा रुमाल, डोकं झाकायला. फोटो विचारून काढा. आणि तिथे कोणी वयस्कर माणूस भेटला तर इंग्रजी फाडायला जाऊ नका, सरळ मराठीत बोला, मग बघा किती वेळ थांबावं लागतं ते.