डेकोरेटर क्लासच्या डोक्यावरच का?

प्रश्न : पायथॉनमध्ये क्लासला डेकोरेटर (तयार क्लास हातात घेऊन त्यावर काम करणारं, @ लावून लिहिलेलं फंक्शन) लावायचा तर तो वरच्या ओळीत लिहावा लागतो. कशाला लावलाय हे कळायच्या आधीच काय लावलंय ते वाचायचं! तो क्लासच्या आत का नसतो? शिवाय मी 'पावती' क्लासवर, क्लासला एका यादीत टाकणारं '@नोंदणी' लावलं, पण त्याच्या उपक्लासची यादीत नोंदच झाली नाही. असं का?

उत्तर : तुमची पहिली तक्रार जुनी आहे. २००४ साली २.४ आवृत्तीत फंक्शनसाठी @ आलं, तेव्हाही हाच वाद झाला होता. कुणाला डेकोरेटर 'डेफ'च्या, म्हणजे फंक्शन जिथे सुरू होतं त्या ओळीतच हवा होता, कुणाला आत. पण आत लिहिलेली गोष्ट आतलीच वाटते, आणि डेकोरेटर तर क्लास पुरता तयार झाल्यावर त्याला बाहेरून हात लावतो. क्लासला ही सोय २००८ मध्ये मिळाली, २.६ आणि ३.० या आवृत्त्यांत. तोवर 'मेटाक्लास आहेत की' असंच उत्तर मिळायचं. मेटाक्लास म्हणजे क्लास कसा घडवायचा ते ठरवणारा क्लास.

त्याआधीच्या पद्धतीचा कोड मी सांभाळलाय, म्हणून वरची जागा मला मनापासून पटते. चारशेएक ओळींचा क्लास आणि त्याच्या तळाशी एकटीच ओळ : पावती = नोंदणी(पावती). शेवटी नवी मेथड घालताना कुणाच्या तरी हातून ती पुसली गेली. एरर नाही, काही नाही, यादीतून पावती तेवढी गायब. मी अख्खी दुपार मेथड तपासत बसले होते. तेच वर असतं, तर फाइल उघडताच कळलं असतं.

तुमच्या उपक्लासचं उत्तरही त्याच ओळीत आहे. @नोंदणी म्हणजे ती तळाची ओळ. ती एकदाच चालते, त्याच क्लासवर. मेटाक्लास वारशाने खाली जातो, डेकोरेटर जात नाही. फील्ड पाहून 'इनिट' (ऑब्जेक्ट बनवताना चालणारी मेथड) आपोआप लिहून देणाऱ्या '@डेटाक्लास'चंही तसंच : उपक्लासवर तो पुन्हा लावला नाही, तर तिथलं नवं फील्ड 'इनिट'मध्ये येतच नाही, आणि ते पाठवलंत की टाइपएरर.

प्रत्येक उपक्लासची नोंद आपोआप हवी असेल, तर 'पावती'मध्ये '__इनिट_सबक्लास__' ही उपक्लास तयार होताच चालणारी मेथड लिहा. ३.६ आवृत्तीपासून ते आहे. मात्र ते खुद्द 'पावती'साठी चालत नाही. तिच्या डोक्यावरचं @नोंदणी राहू द्या.