व्हीएम थांबते, डिस्क कुरकुरते : घरच्या सर्व्हरची दुखणी

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांचे आहेत. प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच यंत्रावर अनेक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी प्रणाली. ते मूळ यंत्र म्हणजे होस्ट. जुना डेस्कटॉप किंवा मिनी पीसी, त्यावर तीन-चार व्हीएम, जोडीला दोन हार्ड डिस्क आणि त्यात घरातले सगळे फोटो. म्हणून एक विनंती आधीच करतो. काही बिघडलं की "सगळं पुसून नव्याने टाकतो" हा विचार लगेच मनात आणू नका. काय झालंय ते यंत्रानं बहुतेक वेळा कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. आधी ते वाचा, मग हात लावा.

प्रश्न (पुणे) : ५०० जीबीच्या एसएसडीवर तीन व्हीएम आहेत. परवा फोटोंची व्हीएम अचानक गोठली. तिच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण आणि 'आयओ-एरर' दिसतं. रीसेट केलं की थोडा वेळ चालते, परत तेच. व्हीएमच्या आत तर डिस्क निम्मी रिकामी आहे. एसएसडी गेली का?

उत्तर : एसएसडी गेली असेल असं वाटत नाही. जागा संपली आहे, पण तुम्ही पाहताय तिथली नव्हे. प्रॉक्समॉक्सच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये 'लोकल-एलव्हीएम' नावाचा थिन पूल, म्हणजे लागेल तशी जागा देणारा साठा, तयार होतो. तुम्ही व्हीएमला २५० जीबीची डिस्क दिली तरी पूलमधून जागा तेवढी लगेच जात नाही. जसजसं लिहिलं जातं, तसतशी जाते. त्यामुळे तिन्ही डिस्कची बेरीज एसएसडीपेक्षा मोठी असली तरी कुणी अडवत नाही. पूल खरोखर भरला की मग घोडं अडतं. एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी लिनक्सची व्यवस्था) साधारण ६० सेकंद जागेची वाट पाहतं आणि नंतर लिहिण्याची विनंती परतवून लावतं. क्यूईएमयू, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर, व्हीएमला तिथेच थांबवून ठेवतं. हे थांबवणं तुमच्या भल्याचंच आहे, कारण व्हीएम तशीच चालत राहिली असती तर आतली फाइल सिस्टिम बिघडली असती. तेव्हा रीसेटचं बटण पुन्हा पुन्हा दाबू नका.

होस्टवर 'एलव्हीएस' ही कमांड द्या. 'डेटा' या पूलपुढे दोन टक्केवाऱ्या दिसतील, एक डेटाची आणि एक मेटाडेटाची, म्हणजे कुठला ब्लॉक कुणाचा या नोंदींची. डेटा १०० ला टेकलेला असेल तर निदान झालंच. मेटाडेटाही भरला असेल तर प्रकरण जास्त नाजूक आहे. मग आधी सगळ्या व्हीएम बंद करा.

जागा कुठून काढायची? जुने स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती, पहिल्यांदा पाहा. "अपडेटच्या आधी घेतला होता" असा वर्षभरापूर्वीचा एखादा स्नॅपशॉट बहुतेक घरी सापडतो आणि तो जुने ब्लॉक धरून बसलेला असतो. नको असेल तर काढा. तेवढ्यानं भागलं नाही तर एक राखीव साठा आहे. डिस्क १२८ जीबीपेक्षा मोठी असेल तर इन्स्टॉलर व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (पूल ज्यातून कापला जातो त्या मोठ्या साठ्यात) १६ जीबी मोकळे सोडतो. 'व्हीजीएस' कमांडनं ते दिसतात. त्यातले दहाएक जीबी 'एलव्हीएक्सटेंड'नं पूलला जोडले की श्वास घ्यायला जागा मिळते आणि थांबलेली व्हीएम 'रिझ्यूम' करता येते.

आता मूळ कारण. व्हीएमच्या आत तुम्ही फाइल पुसली तरी होस्टला ते कळत नाही. तो ब्लॉक त्याच्या लेखी भरलेलाच राहतो. म्हणून आत निम्मी डिस्क रिकामी आणि बाहेर पूल तुडुंब. व्हीएमच्या हार्ड डिस्कच्या पर्यायांत 'डिस्कार्ड' (मोकळे ब्लॉक होस्टला कळू देणारा पर्याय) चालू करा आणि ती व्हीएम पूर्ण बंद करून सुरू करा. आतून दिलेलं रीस्टार्ट पुरत नाही. मग आत 'एफएसट्रिम' ही रिकामे ब्लॉक कळवणारी कमांड सगळ्या माउंटवर, म्हणजे जोडलेल्या फाइल सिस्टिमवर, चालवा. होस्टवर 'एलव्हीएस' पुन्हा पाहिलंत की डेटाचा आकडा खाली आलेला दिसेल. उबुंटूत हे ट्रिम आठवड्यातून एकदा आपोआप होतं, पण 'डिस्कार्ड' बंद असेल तर त्याचा उपयोग शून्य. आणि फोटोंसाठी वेगळी डिस्क घ्याच. रोज वाढणारा डेटा आणि होस्टची सिस्टिम एकाच एसएसडीवर ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न (नाशिक) : दोन ४ टीबी हार्ड डिस्क आहेत. एकीवर स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींत) १९९ क्रमांकाचा आकडा ४१२ झालाय. दुसरीवर १९७ पुढे फक्त ८ आहे. दोन्हींना 'पास्ड' असा शेरा आहे. ४१२ वाली आधी बदलू ना?

उत्तर : नको! ती बदललीत तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं होईल. १९९ म्हणजे सीआरसी चुका. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेत डेटा खराब होऊन पुन्हा पाठवावा लागला, त्याची ती मोजणी. दोष बहुतेकदा सॅटा केबलचा किंवा सैल कनेक्टरचा असतो. केबल बदला, पोर्टही बदलून पाहा आणि आजचा आकडा लिहून ठेवा. तो कधीच कमी होणार नाही. वाढायचा थांबला म्हणजे काम झालं.

काळजी दुसऱ्या डिस्कची करा. १९७ म्हणजे पेंडिंग सेक्टर. तबकडीवरची ही जागा डिस्कला नीट वाचता येत नाहीये. नेमके ८ का? आजच्या डिस्कचा प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटचे आठ म्हणून दाखवला जातो. म्हणजे बहुधा एकच जागा खराब झालीय. ही अजून सुरुवात आहे आणि तुमच्या हातात वेळ आहे.

तो वेळ आधी डेटा बाहेर काढायला वापरा. तपासणी नंतर. सगळ्यात मोलाचं फोल्डर पहिलं, सिनेमे शेवटी. कॉपी करताना एखादी फाइल अडली तर तिच्यावर पुन्हा पुन्हा आदळत बसू नका, सोडून पुढे जा. डिस्क जागोजागी अडायला लागली तर फाइल सिस्टिम दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. ग्नू डीडीरेस्क्यूनं अख्खी डिस्क दुसरीवर उतरवा. तो चांगले भाग आधी उचलतो, कुठवर आलो याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतो आणि अर्धवट थांबला तरी तिथूनच पुढे सुरू करता येतो.

डेटा सुखरूप झाल्यावर स्मार्टची लांब चाचणी लावा. ४ टीबीला सहज सात-आठ तास लागतात, म्हणून रात्री लावा. पेंडिंग सेक्टरवर नव्याने लिहिलं गेलं की दोनपैकी एक होतं. लेखन जमलं तर १९७ चा आकडा उतरतो. नाही जमलं तर डिस्क राखीव जागेतला सेक्टर वापरते आणि ५ क्रमांकाचा आकडा वाढतो. एकदा वाढून तो स्थिर राहिला तर ती डिस्क दुय्यम कामाला चालेल. आठवड्यागणिक वाढत असेल तर तिच्यावर विसंबू नका.

'पास्ड' या शेऱ्यावर मात्र निर्धास्त राहू नका. डिस्क अगदी मोडकळीला येईपर्यंत तो तसाच राहू शकतो. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या हजारो डिस्कची आकडेवारी जाहीर करते. ते ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या पाच क्रमांकांवर नजर ठेवतात. तरीही २०१६ साली त्यांनी लिहिलं होतं की बंद पडलेल्या डिस्कपैकी सुमारे २३ टक्के डिस्कनी या पाचांपैकी कुठलीच सूचना दिली नव्हती. बॅकअप हवा तो याचसाठी.

प्रश्न (फोंडा, गोवा) : नवी एनव्हीएमई (छोट्या कार्डासारखी एसएसडी) बसवली आणि सर्व्हर नेटवर्कवरून गायबच झाला. मॉनिटर लावला तर लॉगिन येतं, पण ब्राउझरमधून पान उघडत नाही. दोन हार्ड डिस्कही दिसत नाहीत. मदरबोर्ड जळला असेल का?

उत्तर : बोर्डाला बहुधा काहीही झालेलं नाही. एका कार्डामुळे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत.

नेटवर्क कार्डाचं नाव ते कुठल्या पीसीआय क्रमांकावर बसलंय त्यावरून पडतं. मध्ये नवं उपकरण आलं की क्रमांक सरकतात. कालचं 'ईएनपी३एस०' आज 'ईएनपी४एस०' होतं, आणि ब्रिज (होस्ट आणि व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा दुवा) अजून जुन्याच नावाची वाट पाहत बसतो. मॉनिटरवर 'आयपी लिंक' कमांड देऊन नवं नाव पाहा. 'ईटीसी' फोल्डरमधल्या नेटवर्कच्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये जिथे जिथे जुनं नाव आहे तिथे नवं लिहा आणि रीबूट करा. प्रॉक्समॉक्सच्या नवव्या आवृत्तीत हे नाव कायमचं बांधून ठेवायची सोय आली आहे. ती जरूर वापरा.

डिस्क दिसत नाहीत कारण बऱ्याच मदरबोर्डांवर एम.२ चा खाचा (एनव्हीएमई बसते तो) आणि दोन सॅटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. खाचा भरला की ते पोर्ट बंद. बोर्डाच्या पुस्तिकेत कोणते पोर्ट ते लिहिलेलं असतं. केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

एक धोक्याची सूचना. एखाद्या व्हीएमला ग्राफिक्स किंवा सॅटा कार्ड थेट दिलेलं असेल तर तिचं आपोआप सुरू होणं आधी बंद करा. ते कार्डही क्रमांकानंच दिलेलं असतं. क्रमांक सरकल्यावर व्हीएम भलतंच कार्ड उचलू शकते, अगदी होस्टच्या डिस्कचा कंट्रोलरसुद्धा.

प्रश्न (लातूर) : आमच्याकडे वीज सारखी जाते. घरात इन्व्हर्टर आहे तरी सर्व्हर रीस्टार्ट होतो. आता एका व्हीएमची डिस्क 'रीड-ओन्ली' झाली आहे. वेग वाढावा म्हणून कॅश 'राइटबॅक अनसेफ' ठेवली होती. त्याचा संबंध असेल का?

उत्तर : पुरेपूर संबंध आहे. डेटाबेस किंवा फाइल सिस्टिम जेव्हा "हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव" असं सांगते, तेव्हा 'अनसेफ'मध्ये ते सांगणं दुर्लक्षित होतं आणि "उतरलं" असं उत्तर मिळतं. वीज गेली की मेमरीतलं सगळं गेलं. लेखनाचा क्रम बिघडलेला असतो, म्हणून फाइल सिस्टिमची जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, तीसुद्धा कामाला येत नाही. ही सेटिंग लगेच बदलून 'नो कॅश' करा. व्हीएम बंद करून तिच्या डिस्कची प्रत काढा, मग लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट करून फाइल सिस्टिम तपासा. प्रत काढल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नका, कारण दुरुस्तीत फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डरमध्ये जातात किंवा कायमच्याच जातात.

इन्व्हर्टरचं असं आहे : वीज गेल्यावर तो बॅटरीवर येईपर्यंत काही मिलिसेकंद पुरवठा तुटतो. एटीएक्स पॉवर सप्लाय साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. अनेक इन्व्हर्टरांना साधा आणि यूपीएस असे दोन मोड असतात. साध्या मोडमध्ये बदल सावकाश होतो. बटण यूपीएसवर ठेवा. तरीही मी एक छोटा यूएसबी पोर्टवाला यूपीएस घ्यायला सांगेन, कारण बॅटरी संपत आल्याचं घरचा इन्व्हर्टर सर्व्हरला सांगू शकत नाही. यूपीएस सांगतो. होस्टवर यूपीएसचं म्हणणं ऐकणारं 'नट' हे सॉफ्टवेअर बसवलं की वेळेत शटडाउन होतं. फक्त बॅटरी पुरेशी धरा. प्रॉक्समॉक्स प्रत्येक व्हीएम बंद व्हायची तीन मिनिटांपर्यंत वाट पाहतं.

प्रश्न (ठाणे) : एकच डिस्क होस्टवर माउंट केली आहे आणि तीच व्हीएमलाही दिली आहे. चालतं ना?

उत्तर : आत्ताच्या आत्ता व्हीएम बंद करा. एक्सटी४ या फाइल सिस्टिमला आपण एकटेच मालक आहोत असं वाटत असतं. दोघांनी एकाच वेळी लिहिलं की डेटाची चाळण होते, आणि ती लगेच दिसतही नाही. डिस्क एकाच्या ताब्यात ठेवा आणि दुसऱ्याला सांबा किंवा एनएफएसनं नेटवर्कवरून वाटून द्या. व्हीएमलाच द्यायची असेल तर 'एसडीबी' या नावानं देऊ नका, ते रीबूटनंतर बदलू शकतं. अनुक्रमांक असलेल्या 'बाय-आयडी' नावानं द्या. होस्टच्या 'एफस्टॅब'मधली (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीतली) तिची ओळही काढा. तिथे राहणाऱ्या बाकीच्या डेटा डिस्कना 'नोफेल' लावा, म्हणजे एखादी बंद पडली तरी होस्ट बूट होताना अडकणार नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : बॅकअप चालू असताना सर्व्हर बंद पडला. आता व्हीएम सुरूच होत नाही, 'लॉक्ड, बॅकअप' असं येतं.

उत्तर : कुलूप तसंच राहून गेलंय, डेटाला धक्का नाही. टास्कच्या यादीत बॅकअप खरोखर चालू नाही ना ते पाहा, मग होस्टवर 'क्यूएम अनलॉक' आणि पुढे व्हीएमचा क्रमांक द्या. तो अर्धवट राहिलेला बॅकअप पुसून टाका आणि आज रात्रीच नवा घ्या.