३५ हे उत्तर आलं कुठून?

प्रश्न : मी नांदेडला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी चौथी-पाचवीच्या शिकवण्या घेते. मुलांना शिकवणारं सॉफ्टवेअर बनवायचं आहे. दादा म्हणतो, शिकवण्या सोड आणि मशीन लर्निंगचा कोर्स कर. काय करू?

उत्तर : कोर्स जरूर कर, पण शिकवण्या मुळीच सोडू नकोस. या क्षेत्रात कोड लिहिणारे पुष्कळ आहेत, मूल कुठे आणि का अडलं हे ओळखणारे फार कमी.

समज, ५२ वजा २७ चं उत्तर एकाने ३५ लिहिलं. त्याने वरचा-खालचा न बघता मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला असेल. किंवा हातचा नीट घेतला, १२ मधून ७ काढले, पण ५ चे ४ करायचे राहिले. दोन्ही वाटांनी ३५च येतं! आता त्याला ५२ वजा २८ दे. पहिल्या रीतीने ३६ येईल, दुसऱ्या रीतीने ३४. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशाच चुकीच्या रीतींचा अभ्यास मांडला. त्यांच्या प्रोग्रॅमचं नाव ‘बग्गी’.

पुढे १९८०च्या दशकात येल विद्यापीठात जॉन्सन आणि सोलोवे यांनी ‘प्राउस्ट’ बनवला. तो नवशिक्यांनी पास्कल या संगणक भाषेत लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचा. एक गणित असं : ९९९९९ येईपर्यंत आकडे घ्या आणि सरासरी काढा. ९९९९९ ही फक्त थांबायची खूण, पण कुणी तीसुद्धा बेरजेत धरतो. प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, उत्तर मात्र चुकतं. इथे विद्यार्थ्याला काय साधायचं होतं हे आधी कळावं लागतं, तरच चूक दिसते. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तू तो रोज संध्याकाळी करतेसच.

म्हणून आजपासून एक वही कर. चुकलेलं उत्तर जसंच्या तसं उतरव, “हे कसं केलंस?” असं विचार आणि मुलाचेच शब्द लिही. मग त्याच मुलाचं पुढचं चुकीचं उत्तर आधीच सांगणारा छोटा पायथन प्रोग्रॅम लिहून बघ. मुलाखतीत दाखवायला यापेक्षा चांगला प्रोजेक्ट मला सुचत नाही.

सोबत संभाव्यता आणि संख्याशास्त्र पक्कं कर. एमएस्सीनंतर पीएचडीचा विचार असेल, तर आयआयटी मुंबईचा शैक्षणिक तंत्रज्ञान विभाग आणि मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, दोन्हींच्या वेबसाइट आत्ताच बघून ठेव. दादालाही ती वही दाखव.