पाणीसुद्धा अडकतंय? मग नुसती ॲसिडिटी म्हणून सोडू नका

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार. आम्ही काटोलजवळचे, घरची संत्र्याची बाग आहे. माझे मिस्टर 41 वर्षांचे. दोन वर्षं झाली, जेवताना घास छातीत अडकून राहते, वरून पाणी प्यावं तर कधी पाणी पण अडकते. रात्री झोपेत जेवलेलं तोंडात येते, उशी ओली होते, मग खोकला. दुर्बिणीने तपासलं तर नॉर्मल सांगितलं. गोळ्या चालू आहेत, सावजी बंद, तर्री बंद, चहा बंद, फरक शून्य. वजन 9 किलो उतरलं. आता घरचे म्हणतात टेन्शनमुळे होऊन राहिलं. काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे "पाणी पण अडकते". अन्ननलिकेत गाठ किंवा आकुंचन असलं की साधारणपणे आधी पोळी-भाकरी अडकते, मग भात, आणि पातळ पदार्थ सगळ्यात शेवटी. घन आणि पातळ दोन्ही सुरुवातीपासून अडकत असेल तर रस्ता मोकळा असूनही नळीची हालचाल बिघडली असण्याची शक्यता जास्त. त्यातून रात्री वर येणारं अन्न आंबट लागत नसेल, जसं खाल्लं तसंच येत असेल (हे मिस्टरांना नक्की विचारा), तर ते जठरापर्यंत पोचलंच नव्हतं असं समजायचं, आणि जे जठरात गेलंच नाही त्याला ॲसिडिटीची गोळी काय करणार बापा?

मला यात अकॅलेशिया कार्डिया नावाच्या आजाराची शंका येते. अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या नसांच्या पेशी हळूहळू नष्ट होतात, त्यामुळे नळी अन्न पुढे ढकलत नाही आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप गिळताना सैल पडत नाही. आजार जुनाच आहे, 1674 मध्ये थॉमस विलिस या इंग्लिश डॉक्टरने अशाच एका पेशंटचं वर्णन केलंय, देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून तो पेशंट स्वतःच अन्न खाली ढकलायचा! पण दुर्मिळ आहे, वर्षाला लाखात साधारण एखादा नवा पेशंट, म्हणून फॅमिली डॉक्टरच्या डोक्यात तो लवकर येत नाही, आणि त्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. राग मला दोन वर्षं त्याच गोळ्या रिपीट होत राहण्याचा येतो.

दुर्बिणीचा रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून हा आजार नाही असं होत नाही, सुरुवातीला दुर्बिणीत काहीच दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. दोन तपासण्या करायच्या. एक बेरियम स्वॉलो, पांढरं औषध पाजून एक्सरे काढतात, त्यात नळी वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. दुसरी मॅनोमेट्री, नाकातून बारीक नळी घालून पाण्याचे घोट गिळायला लावतात आणि प्रत्येक घोटाला दाब मोजतात, थोडं त्रासदायक आहे पण पक्कं निदान यावरच होतं आणि आजाराचा प्रकार एक, दोन की तीन तेही कळतं. ही तपासणी सगळीकडे होत नाही, म्हणून नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांत फेऱ्या मारण्याआधी फोन करून विचारा. दुर्बीण बहुतेक परत करावी लागेल, कारण जठराच्या तोंडाशी असलेला कॅन्सरही हुबेहूब असंच चित्र उभं करू शकतो, विशेषतः वय जास्त असेल आणि वजन झपाट्याने उतरलं असेल तर. आणि एक महत्त्वाचं, दुर्बिणीच्या आधी तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की अन्न साचून राहतं. अशा पेशंटला एक-दोन दिवस फक्त पातळ घ्यायला सांगतात, नाहीतर साचलेलं अन्न भुलीत फुप्फुसात जायचा धोका असतो.

उपचाराने मेलेल्या नसा परत येत नाहीत, झडप मोकळी करता येते. एक मार्ग फुग्याचा, 30 ते 40 मिलिमीटरचा फुगा झडपेत फुगवून तिचे स्नायू ताणायचे, पुढे परत करावं लागू शकतं आणि क्वचित नळीला छिद्र पडतं. दुसरा हेलरचं ऑपरेशन, 1913 पासून चालत आलेलं, आता दुर्बिणीतून पोटाला बारीक छेद देऊन करतात. तिसरा पोएम, 2008 मध्ये जपानच्या हारुहिरो इनोए यांनी माणसात पहिल्यांदा केला, तोंडातून दुर्बीण घालून आतल्या आतच स्नायू कापायचा, बाहेर टाकाच नाही. तिसऱ्या प्रकारच्या अकॅलेशियात पोएम जास्त सोयीचा पडतो. पण पोएमनंतर बऱ्याच जणांना खरीखुरी ॲसिडिटी होते आणि तेव्हा मात्र त्याच गोळ्या लागतात, हे आधीच माहीत असू द्या. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारा.

तोवर रात्रीचं जेवण झोपायच्या तीन-चार तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, घासाबरोबर गार नको कोमट पाणी. आणि टेन्शनचं म्हणणाऱ्यांना सांगा की नऊ किलो वजन टेन्शनच्या नावावर टाकण्याआधी ही तपासणी होऊ द्या.

प्रश्न : मुलगी 22 वर्षांची, मानेवाड्याला राहतो. पोटात दुखतं, बारीक ताप, कोलोनोस्कोपीत लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावर जखमा निघाल्या. एक डॉक्टर टीबी म्हणतात, दुसरे क्रोन्स (आतड्याला सूज आणि जखमा होणारा जुनाट आजार). टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, लघवी लाल-केशरी होते म्हणून घाबरून दोन दिवस थांबवल्या.

उत्तर : दादा, गोळ्या स्वतःहून थांबवू नका. आजच डॉक्टरांना फोन करून दोन दिवस चुकल्याचं सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने लगेच पुढे सुरू करा. लघवीचा रंग टीबीच्या गोळ्यांतल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे आहे, अपेक्षितच आहे. डोळे पिवळे झाले, उलट्या सुटल्या, भूक मेली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून लिव्हरची तपासणी करायची.

दोन डॉक्टरांचं पटत नाही यात नवल नाही, हे दोन आजार त्याच जागी होतात आणि भिंगाखालीही सारखे दिसू शकतात. बायोप्सीत टीबीचा जंतू बऱ्याचदा सापडत नाही, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. पोटात पाणी, छातीच्या एक्सरेत डाग, सीटीत मधून कुजलेल्या गाठी असं असलं तर पारडं टीबीकडे झुकतं, गुदद्वाराजवळ भगंदर किंवा बरीच वर्षं चाललेले जुलाब असले तर क्रोन्सकडे. तरीही ठरत नसेल तर आपल्याकडे आधी टीबीचं औषध देतात, कारण टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो.

दोन-तीन महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी करायला लावतील तेव्हा "आता बरं वाटतं" म्हणून टाळू नका, क्रोन्सच्या पेशंटलाही या गोळ्यांनी थोडं बरं वाटतं, निकाल जखमा भरल्या की नाही यावर लागतो. भरल्या तर सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायचा, नाही भरल्या तर निदान नव्याने तपासायचं. सरकारी टीबी केंद्रात औषध फुकट आहे, टीबी पेशंटच्या खाण्यापिण्यासाठी निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिना 1000 रुपयेही मिळतात, लाजू नका. आणि जेवल्यावर पोट फुगून कळ येणं, गुडगुड, उलटी, गॅस न सरकणं असं झालं तर आतडं अरुंद झालेलं असू शकतं, वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : उमरेडहून. मुलगा 14 वर्षांचा, सिकलसेल. पोटात उजव्या बाजूला वरती सारखं दुखतं, आम्ही क्रायसिस (सिकलसेलच्या दुखण्याचा झटका) समजून घरीच गोळी देतो. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. सिकलसेलमध्ये लाल पेशी भराभर फुटतात, त्यातून पित्ताशयात लहान वयातच खडे होतात, त्यामुळे एकदा सोनोग्राफी करूनच घ्या. दुखण्याबरोबर ताप आला किंवा डोळे नेहमीपेक्षा जास्त पिवळे दिसले तर त्याच दिवशी नागपूरचं मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. ऑपरेशन ठरलंच तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेलचं तोंडाने सांगा, फाईलवर लिहिलंय म्हणून गप्प बसू नका, त्यांना सलाईन, ऑक्सिजन आणि लागलं तर रक्त चढवायची तयारी आधी करावी लागते.